दही पोटात घ्या, बाकी कुठं नको

उन्हाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय जवळपास ठरलेलाच असतो. सोलापुरात पारा 42-43 च्या पुढं गेला, घामानं कपडे अंगाला चिकटायला लागले की खाज, आग, अंगावरून पांढरं जाणं, जांघेत चट्टे, हे सगळं सुरू होतं आणि मग प्रत्येक घरात कुणीतरी एक उपाय सांगणारं निघतंच. यावेळी सगळी जागा त्यालाच दिलीय. नावं अर्थातच छापत नाही, आणि काही पत्रं थोडी छाटलीत कारण आमच्या बायका लिहायला बसल्या की सासूपासून सुरुवात करतात.

प्रश्न : डॉक्टरताई, मी घरी विड्या वळते, दिवसभर एका जागी मांडी घालून बसावं लागतं. पंधरा दिवस झालं खाली लई खाज सुटतीय, पांढरं जातंय, दह्याच्या गुठळीसारखं, आणि लघवीला बसलं की आग व्हायलीय. शेजारच्या पोरीनं मोबाईलवर दाखवलं की दह्यात कापूस बुडवून आत ठेवायचा, नायतर लसणाची पाकळी दोरा बांधून रात्रभर ठेवायची. सासूबाई म्हणतात तुरटीच्या पाण्यानं धू. यातलं काय करू? (पूर्व भाग)

ताई, यातलं एकही करू नका. आधी तेवढं कबूल करा मग पुढचं सांगते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हे यीस्टचं इन्फेक्शन असण्याची शक्यता बरीच आहे. कँडिडा नावाची बुरशी असते, ती काही बाहेरून आलेली भानगड नाही, साधारण 100 धडधाकट बायकांमध्ये 10 ते 20 जणींच्या अंगात ती गुपचूप असतेच आणि काही त्रास देत नाही. योनीमार्गात चांगले जंतू असतात, लॅक्टोबॅसिलस म्हणतात त्यांना, ते तिथं आंबटपणा टिकवून ठेवतात, पीएच 3.8 ते 4.5 च्या आसपास, आणि तेच या बुरशीला आटोक्यात ठेवतात. अँटिबायोटिक खाल्लं, शुगर वाढली, दिवस गेले, किंवा तासन् तास ओलं आणि गरम राहिलं की बुरशीचं फावतं, उन्हाळ्यात इडलीचं पीठ कसं बघता बघता फसफसून भांड्याबाहेर येतं तसं. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हे होतं, त्यामुळं माझ्याच नशिबी का म्हणून रडायचं कारण नाही आणि याचा स्वच्छ-अस्वच्छ बाईशी संबंध तर अजिबात नाही.

आता दही. घरच्या दह्यातले जंतू आणि आपल्या अंगातले जंतू एका कुळातले असले तरी एकच नाहीत, दही आत घातलं म्हणून ते तिथं मुक्काम करतात असं होत नाही, आणि वर कापूस आत अडकून बसला तर दुसरंच दुखणं. खायचं तर खुशाल खा, भाकरीबरोबर वाटीभर खा, ताक प्या, उन्हाळ्यात चांगलंच आहे, फक्त ते खाल्ल्यानं खाज जाईल ही आशा नको.

लसूण म्हणाल तर प्रयोगशाळेत काचेच्या बशीत लसणाचा रस कँडिडाला मारतो हे खरं आहे आणि मोबाईलवाले तेवढंच सांगतात. पण आपलं अंग म्हणजे काचेची बशी नव्हे ना. लसणानं नाजूक कातडी भाजते, खरोखर फोड येतात, आणि आधीच लाल झालेल्या जागेवर तो ठेवला की काय होईल ते बघा. लसूण शेंगाचटणीतच राहू द्या.

तुरटी, कडुलिंबाचा काढा, डेटॉल, मिठाचं पाणी, खायचा सोडा, सफरचंदाचं व्हिनेगर, टी ट्री ऑइल, हे सगळं एकाच रांगेतलं. तुरटीनं कातडी आवळते, क्षणभर बरं वाटतं, मग कोरडी पडून चिरते. आणि आतून धुणं तर कशानंच नको, साध्या पाण्यानंही नको, कारण बुरशीबरोबर ते चांगले जंतूपण धुऊन जातात आणि पुढच्या वेळी आणखी जोरात होतं. आतला भाग स्वतःला साफ ठेवतो, आपण हात लावायची गरज नसते.

मग घरी करायचं काय, तर आगीवर बाहेरून थंड पाण्याची घडी ठेवा. टबात किंवा मोठ्या घमेल्यात कोमट, साधं पाणी घेऊन दहा मिनिटं बसा, नंतर टिपून कोरडं करा, घासायचं नाही. वरून खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला तर चालतो, चुरचुर कमी होते, पण ते औषध नव्हे, आणि निरोध वापरत असाल तर लक्षात ठेवा की तेलानं तो फाटतो. साबण काही दिवस तिथं लावूच नका.

आणि हे झालं आरामापुरतं. बुरशी मारायला औषधच लागतं, ते स्वस्त आहे आणि जुनं आहे, क्लोट्रिमॅझोल, मलम किंवा आत ठेवायची गोळी, बहुतेकींना दोन-तीन दिवसांत फरक पडायला लागतो. फक्त मध्येच सोडायचं नाही. तुम्हाला हे पहिल्यांदाच झालंय आणि पंधरा दिवस झालेत, म्हणून एकदा दाखवूनच घ्या. कारण असं पांढरं जाणाऱ्या प्रत्येकीला यीस्टच असतं असं नाही. पातळ, करडट, माशासारखा वास येणारं असेल तर ते बॅक्टेरियाचं, त्याला वेगळी गोळी लागते. हिरवट-पिवळं फेसाळ असेल तर आणखी वेगळं, आणि त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. यीस्टला सहसा वास नसतो.

विड्यांचं म्हणाल तर तासा-दोन तासांनी उठा, लघवी अडवून धरू नका, सुती निकर घाला आणि घामानं ओली झाली की बदला. पाणी चार-पाच दिवसांआड येतं त्यात रोज दोन निकरा कुठं धुवायच्या हे मला कळतं, पण धुण्यात चादर एखादी मागं ठेवा, ही नको. आणि वाळत घालताना साडीखाली लपवून सावलीत घालता ना, ते बंद करा. सोलापूरच्या उन्हाचा एवढा तरी फायदा घेऊ की!

प्रश्न : माझं वय 48, शाळेत शिक्षिका आहे. सात वर्षांपासून शुगर आहे. वर्षभरात हा चौथा अटॅक आहे. दर वेळी मेडिकलमधून ती 150 ची एक गोळी आणून घेते, आठ-दहा दिवस बरं वाटतं की परत सुरू. नेटवर वाचून ब्रेड, इडली, डोसा सगळं यीस्टचं म्हणून बंद केलं, तरी फरक नाही. दिवाळीच्या सुमारास शुगरची गोळी बदलली होती, त्याचा काही संबंध? (जुळे सोलापूर)

मॅडम, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

नवी गोळी कुठली ते पाकिटावर बघा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन असं काही म्हणजे शेवटी ग्लिफ्लोझिन असलेलं नाव असेल तर उत्तर बहुतेक तिथंच आहे. या गोळ्या रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात, औषध म्हणून चांगल्या आहेत, हृदयाला आणि किडनीला फायदा होतो म्हणूनच डॉक्टर देतात. पण लघवीतून साखर जाते म्हणजे त्या जागेवर बुरशीला आयतं खायला मिळतं. बाहेरच्या भागाचं यीस्ट इन्फेक्शन हा या गोळ्यांचा सगळ्यांना माहीत असलेला साइड इफेक्ट आहे, बायकांना जास्त, पुरुषांनाही होतो. मनानं बंद मात्र करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना जाऊन सांगा की वर्षात चार वेळा झालंय. बाईला पुरुष डॉक्टरपुढं हे बोलायला जड जातं, आणि डॉक्टर आपणहून विचारत नाहीत, त्यात महिने निघून जातात हो. गोळी चालूच ठेवायची ठरली तर दर लघवीनंतर साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करायची सवय लावा, बऱ्याच जणींना तेवढ्यानं फरक पडतो.

गोळी ती नसेल तर मग शुगर कंट्रोलमध्ये आहे का ते बघायचं. उपाशीपोटीची एक रिडिंग बघून समाधान मानू नका, तपासणीच्या आधी दोन दिवस सगळेच शहाण्यासारखे जेवतात. एचबीए1सी करा, ते तीन महिन्यांचा हिशोब दाखवतं, तिथं लपवाछपवी चालत नाही.

इडली बिचारीचा काही दोष नाही. पावातलं यीस्ट आणि हे कँडिडा, दोन वेगळ्या जाती आहेत, ब्रेड खाल्ल्यानं खालचं इन्फेक्शन होत नाही. शुगरसाठी डोसा-इडली मोजून खाणं वेगळं, ते कराच.

आता ती 150 ची गोळी, फ्लुकोनॅझोल. साध्या, एखाद्या वेळच्या इन्फेक्शनला एक गोळी पुरते, पण वर्षात तीन किंवा जास्त वेळा व्हायला लागलं की त्याला वारंवार होणारं म्हणतात आणि त्याचा कोर्स वेगळा असतो, आधी थोडे दिवस सलग औषध आणि नंतर आठवड्यातून एकदा असं सहा महिने. शिवाय नमुना घेऊन बुरशीची जात तपासायला हवी, कारण कँडिडा ग्लाब्राटासारख्या काही जाती या गोळीला नीट दाद देत नाहीत. आणि एक धोका जो मेडिकलच्या काउंटरवर कुणी सांगत नाही तो म्हणजे तुम्ही शुगरसाठी ग्लिमेपिराइड घेत असाल तर फ्लुकोनॅझोलमुळं तिचा असर वाढतो आणि शुगर एकदम खाली जाऊ शकते. चक्कर, घाम, हातापायाला कंप. रक्त पातळ करायची वॉरफरिन असेल तर तिथंही गडबड होते. म्हणून ही गोळी स्वतःच्या मनानं चार वेळा घ्यायची नाही.

प्रश्न : मी हॉस्टेलला राहते, सेकंड इयरला आहे. दिवसभर जीन्स नाहीतर लेगिंग असते. व्हाईट डिस्चार्ज होतो म्हणून रोज पँटी लायनर वापरते आणि इंटिमेट वॉशने दोनदा वॉश करते. तरी ओलं वाटतं. हे इन्फेक्शन आहे का?

खाज, आग, लाली, वास यातलं काहीच तू लिहिलं नाहीस, म्हणजे बहुतेक हे इन्फेक्शन नाहीच. पाळीच्या मधल्या दिवसांत पातळ, ताणलं जाणारं, पाण्यासारखं जाणं अगदी नॉर्मल आहे, तुझं शरीर ठीक चाललंय याचीच ती खूण. तू मात्र वॉश आणि लायनर लावून नसलेलं दुखणं ओढवून घ्यायच्या मागं लागलीयेस. सुवासिक वॉश बंद. लायनर रोज नको, ते प्लास्टिकचं अस्तर घाम कोंडून धरतं. जीन्स कॉलेजपुरती, रूमवर आलीस की सैल पायजमा किंवा गाऊन, रात्री आतून काही नाही घातलं तरी चालतं, ती काही गावभर सांगायची गोष्ट नाही. संडासनंतर पुढून मागे धुवायचं. आणि सर्दी-खोकल्याला मैत्रिणीकडची उरलेली अँटिबायोटिक घेत असशील तर ते आधी थांबव, हॉस्टेलमधल्या पोरींच्या निम्म्या तक्रारी तिथून सुरू होतात असं माझं मत झालंय.

प्रश्न : बोरिक ॲसिडनं यीस्ट जातं असं वाचलं. आमच्याकडे कॅरमची बोरिक पावडर आहे ती कॅप्सूलमध्ये भरून वापरली तर? (होटगी रोड)

नको! वाचलेलं अर्धं खरं आहे. नेहमीच्या औषधाला न जुमानणाऱ्या जातींसाठी डॉक्टर 600 मिलिग्रॅमच्या बोरिक ॲसिडच्या कॅप्सूल आत ठेवायला देतात, ठरावीक दिवस, तपासणी करून. ती पोटात गेली तर विष आहे, गरोदर बाईला तर अजिबात चालत नाही, आणि घरात लहान मूल असेल तर अशी कॅप्सूल भरून ठेवणं म्हणजे कमाल झाली. कॅरमच्या डब्यातली पावडर औषधाच्या दर्जाची नसते, माप नसतं. ती सोंगट्यांनाच राहू द्या.

प्रश्न : सातवा महिना चालूय. खाज आणि पांढरं जाणं सुरू झालंय. आई म्हणते कडुलिंबाच्या पाण्याची वाफ घे, जाऊबाई म्हणतात एक गोळी घे संपतंय. बाळाला काही होईल का? (अक्कलकोट)

यीस्टनं पोटातल्या बाळाला सहसा काही होत नाही, आधी घाबरणं सोडा. गरोदरपणात हे जास्त होतं, हार्मोन्समुळं. पण गोळी घेऊ नका, जाऊबाईंना नमस्कार सांगा आणि नको म्हणा. पोटात घ्यायची फ्लुकोनॅझोल गरोदरपणात टाळतात, क्लोट्रिमॅझोलचं मलम किंवा आत ठेवायची गोळी सात दिवस देतात, तीही तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. वाफ-बिफ नको, भाजायचं. एक मात्र नीट बघा, जे जातंय ते पांढरं घट्ट आहे की पाण्यासारखं सतत गळतंय? पाण्यासारखं गळत असेल, रक्त दिसलं, किंवा पोट दुखून कडक होत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच वेळी दवाखाना गाठा.

आणि बाळ झाल्यावर त्याच्या जिभेवर, गालाच्या आत पांढरे डाग दिसले आणि ते पुसून जात नसले तर तीही हीच बुरशी असते. मध लावून घासायचं नाही, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो. बाळाला आणि तुमच्या स्तनांना, दोघांनाही औषध लागतं, नाहीतर एकमेकांकडून परत परत येत राहतं.

प्रश्न : मी पॉवरलूमवर कामाला आहे. जांघेत गोल चट्टे उठलेत, कडेनं लाल, मधे साफ. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली, लावली की दोन दिवसांत बंद, सोडली की दुप्पट. आता बायकोलापण मांडीला झालंय. तिला खाली खाज आहे, माझ्यामुळं झालं का? (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

भाऊ, दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, मिसळू नका. तुमचं जे आहे, गोल, कडेनं वाढत जाणारं, ते गजकर्ण वाटतंय. तीही बुरशीच पण जात वेगळी, ती यीस्ट नव्हे, आणि ती मात्र कपड्यातून, टॉवेलातून घरभर फिरते, त्यामुळं बायकोच्या मांडीवर तुमच्याकडून गेली असणं शक्य आहे. लूमच्या शेडमधली ती गरम दमट हवा, आठ-दहा तास उभं काम, वर घट्ट अंडरवेअर आणि पँट, तिला आणखी काय पाहिजे.

तुमची ट्यूब मला बघायला मिळाली नाही, पण दोन दिवसांत बंद आणि सोडली की दुप्पट, हे लक्षण स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबचं असतं. खाज दबते, आत बुरशी मजेत वाढते, कातडी पातळ पडते, जांघेत पांढऱ्या रेषा उमटतात त्या पुढं जात नाहीत. पाकिटावर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल वाचलं तर ती ट्यूब पुढं लावू नका, पण कातडीच्या डॉक्टरांना दाखवायला सोबत घेऊन जा. बंद केल्यावर थोडे दिवस जास्त खाजेल, तेव्हा घाबरून परत लावायची नाही. उपचार काही आठवडे चालतो आणि घरात ज्याला ज्याला आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी करायचा असतो. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. सोलापुरात राहून एका टॉवेलवर चौघं अंग पुसतात हे मला आजपर्यंत पटलेलं नाही. पावडर टाकू नका, घामात तिचा चिखल होतो.

बायकोची खालची खाज तुमच्यामुळं झाली असं लगेच म्हणता येत नाही. यीस्ट हा सहसा संबंधातून लागणारा आजार मानत नाहीत, नवऱ्याला त्रास नसेल तर त्याला औषधही देत नाहीत. तुम्हाला पुढच्या कातडीखाली लाली, पांढरा थर, आग असेल तर मात्र दोघांनी दाखवा, आणि पुरुषाला हे परत परत होत असेल तर शुगर तपासा. कितीतरी पुरुषांची शुगर पहिल्यांदा अशीच सापडते.

प्रश्न : दवाखान्यात जायची तयारी आहे पण तिथं गेल्यावर तोंडातून शब्दच फुटत नाही. मागच्या वेळी पोट दुखतंय सांगून ॲसिडिटीची गोळी घेऊन आले. काय बोलायचं? (बार्शी)

घरूनच चिठ्ठी लिहून न्या. "अंगावरून पांढरं जातंय, खाज आहे, इतके दिवस झाले, याआधी इतक्या वेळा झालं, ही ही औषधं चालू आहेत, शेवटची पाळी या तारखेला." एवढं लिहिलेला कागद टेबलावर ठेवायचा, बोलायची गरजच नाही, पुढचे प्रश्न डॉक्टर विचारतील आणि तुम्हाला हो-नाही म्हणायचंय फक्त. सरकारी दवाखान्यातही स्त्रीरोग ओपीडी असते, केसपेपर काढताना खिडकीवर "बायकांची ओपीडी" इतकंच सांगितलं तरी चालतं, तिथं कारण सांगत बसायचं नाही. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं मागा, त्यात संकोच नको, आणि तपासताना सोबत नर्स किंवा तुमची बाई असू द्या.

जायच्या आधी दोन दिवस आत मलम, गोळी काही घालू नका आणि त्या दिवशी सकाळी आतून धुऊन जाऊ नका, नाहीतर नमुन्यात काही सापडत नाही. शक्यतो पाळी संपल्यावर जा. ताप, ओटीपोटात दुखणं, जखमा, घाण वास, किंवा पाळी कायमची गेल्यावर परत रक्त दिसणं, यातलं काही असेल तर मात्र पाळीची वगैरे वाट बघू नका, लगेच निघा. आणि ॲसिडिटीची गोळी लिहून दिली तर परत द्या, ही चिठ्ठी पुढं करा.